तुम्पालच्या आईचं वचन

तुम्पाल मलाऊने आजवर आमच्या किनाऱ्यावर एकशे चौदा घरं बांधली, आणि त्यांतल्या एकाही घरात कुणी जिवंतपणी राहायला गेलं नाही. तो कबरी बांधतो. आमच्या सामोसीर बेटावर माणूस जन्मभर गळक्या पत्र्याखाली काढील, पण मेल्यावर त्याला फरशी हवी, खांब हवेत, वर शिंगांसारखं वळलेलं छप्पर हवं. पोरं जाकार्ताहून पैसे पाठवतात आणि तुम्पाल सिमेंट कालवतो. "माझ्या गिऱ्हाइकांची आजवर एक तक्रार नाही," असं तो छाती काढून सांगतो. निदान हजारदा तरी मी हा विनोद ऐकला असेल.

ऐकावाच लागतो, कारण तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. आम्ही एकमेकांना लाए म्हणतो. रीतीप्रमाणे त्याने माझा मान ठेवायचा, कारण मी बायकोचा भाऊ. ठेवतो तोही, पण दात विचकून. माझा लापो आहे, सकाळी कॉफी आणि दुपारनंतर माडी. बासष्ट वर्षांचा हा गडी रोज संध्याकाळी तळ्याकडचं बाकडं अडवून बसतो. नखांत सिमेंट, भुवयांवर सिमेंट. चेहऱ्यावर मात्र असं समाधान की हा आत्ताच लग्नाच्या जेवणावरून उठलाय असं वाटावं.

कबर म्हटली की तिच्यावर शास्त्रातलं वचन आलंच. घरचे लोक ते कागदावर लिहून देतात, तुम्पाल लाकडी साच्यात एकेक अक्षर ओततो, सुकवतो आणि भिंतीवर बसवतो. वाचतो तो सावकाश, बोट ठेवून. पण चाळीस वर्षं वचनं चिकटवून त्याची अशी खात्री झाली होती, की आपल्याला अख्खं बायबल येतं. लापोत कुठलाही वाद निघाला की हा माडीचा पेला खाली ठेवून म्हणायचा, "शास्त्रात आहे." आणि आम्ही गप्प बसायचो. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय. बायबल आमच्या प्रत्येक घरात होतं. रविवारी ते कापडात गुंडाळून देवळात न्यायचं आणि तसंच गुंडाळलेलं परत आणायचं.

तुम्पालचं स्वतःचं आवडतं वचन एकच. ते त्याच्या आईचं.

ती चौतिसाव्या वर्षी विधवा झाली. पाच पोरं, आणि दगडाळ उतारावर कांद्याचा एक तुकडा. पण तिच्या दारावरून कुणी न जेवता गेलेलं मला आठवत नाही. मासे विकायला आलेली बाई असो, वाट चुकलेला पोस्टमन असो, सगळ्यांना ती हाताला धरून बसवायची. पोरांनी मडक्याकडे चोरून बघितलं की म्हणायची, "पाहुणा दारात असताना मडक्याचा तळ बघू नये. तिथे देव बसलेला असतो. शलमोन म्हणतो."

तुम्पाल ह्या एका वाक्यावर वाढला, आणि त्यावरच चालतो. त्याच्या कामावर मजूर आधी जेवतात, मग तो. माझ्या बहिणीने सुरुवातीला कपाळावर हात मारून घेतला, पुढे मोठी भांडी घेतली. तिला मागायला आला तेव्हा माझा बाप म्हणाला होता, "कबरी बांधणाऱ्याला कोण पोरगी देणार?" मग बाप त्यांच्या घरी जाऊन एकदा जेवून आला आणि पुन्हा काही बोलला नाही.

मागच्या वर्षी तुम्पालने ठरवलं, की आईबापांची हाडं मातीतून वर काढायची. एकशे चौदा लोकांची घरं झाली आणि स्वतःची आई अजून ओलीतच, हे त्याला लागलं होतं. तीन महिने खपून त्याने अशी कबर उभी केली, की तळ्यातून जाणाऱ्या होडीवाल्यांनी वल्ही थांबवावीत. समोर हिरव्या फरशीवर दोघांचं मिळून नाव, 'ओम्पु जोंगी', म्हणजे तुम्पालच्या थोरल्या जोंगीचे आजीआजोबा. खाली आईचं वचन, टपोऱ्या अक्षरांत. आणि त्याच्याखाली 'नीतिसूत्रे', बायबलातल्या शहाण्या शलमोन राजाचं पुस्तक. पुढे अध्याय आणि ओळीच्या आकड्यांसाठी वीतभर जागा कोरी.

जेवणाचा दिवस ठरला, रेडा सांगून झाला, गोंदांगचे ढोलवाले ठरले, जाकार्ताच्या नातेवाइकांनी बोटीची तिकिटं काढली. राहिले फक्त दोन आकडे. ते विचारायला तुम्पाल आमच्या नव्या पाळकबाईंकडे गेला. मला सोबत घेऊन गेला, कारण बाई तरुण होत्या, मोटरसायकलवर फिरायच्या आणि सरळ बोलायच्या. एकशे चौदा कबरी बांधणारा माणूस तिशीच्या पोरीला घाबरत होता.

पाळकबाई होतमिदांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. "फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण आमांग, हे बायबलात नाही." आमांग म्हणजे बाबा; बाईंना आम्ही इनांग, म्हणजे आई, म्हणतो.

"इनांग, नीट बघा. शलमोनाचं आहे."

"शलमोनाचं नाही."

"तुम्ही शहरात शिकलात. तिकडे छोटं बायबल असेल."

मी त्याच्या पायावर पाय दिला. पाळकबाई मात्र हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, "मी कबरीवर प्रार्थना करीन, हाडांवर करीन. पण जे शास्त्रात नाही, ते शास्त्राच्या नावाने लिहिलेलं असेल तर तिथे उभी राहून मी आशीर्वाद देणार नाही. मला ते जमायचं नाही."

तुम्पालने टोपी हातात घेतली. चेहरा पडला होता. "इनांग, माझी आई खोटं बोलली, असं म्हणता का तुम्ही?"

"मी फक्त ते बायबलात नाही म्हणते."

"एकच झालं," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

रस्ताभर तो माझ्या पुढे चालला. लापोत आल्यावर पेल्याला हातही लावला नाही. मग एकदम म्हणाला, "लाए, ह्यावर मी जन्म काढला. ती कांदे खाऊन झोपली असेल, पण खोटं बोलली नसेल." मला त्याची इतकी दया आली, की मी त्या दिवशी माडीत पाणी घातलं नाही.

हातात सोळा दिवस होते. बायबलात पुस्तकं सहासष्ट. मीच तोंड उघडलं, अजून त्याची शिक्षा भोगतोय. म्हटलं, गावात घरं किती? वाटून घेऊ. बाईंच्या नजरेतून सुटलं असेल तर कुणाला तरी सापडेल. चिठ्ठ्या केल्या, माझ्या तांदळाच्या मापात टाकल्या आणि ज्याच्या हाताला जे पुस्तक लागेल ते त्याने वाचायचं. पाळकबाईंना कळलं तेव्हा त्या मोटरसायकल वळवून स्वतःच आल्या. म्हणाल्या, "नीतिसूत्रे मी वाचते, सगळ्यांसमोर, मोठ्याने. म्हणजे मी काही गाळलं असं व्हायला नको." देवळात बसून त्यांनी एकतीसच्या एकतीस अध्याय वाचले. तुम्पाल पहिल्या बाकावर बसला होता. एकतिसावा संपला तेव्हा त्याने विचारलं, "बत्तिसावा?"

"बत्तिसावा नाही, आमांग."

"मग दुसऱ्या पुस्तकात बोलला असेल. राजा माणूस, एकाच जागी कशाला बोलेल?"

आणि गाव वाचायला बसलं. जन्मात पहिल्यांदा बायबलांची कापडं सुटली. बाया मागावर उलोस शाली विणता विणता एकीला वाचायला लावायच्या. होड्यांवर वाचन, कांद्याच्या वाफ्यात वाचन. लेवीय हे पुस्तक लापोतल्या बुद्धिबळवाल्यांना लागलं. बकऱ्याची चरबी कुठे ठेवायची हे चार दिवस वाचून ते इतके कंटाळले, की आपापसांत भांडायचे थांबले.

मडक्याचा तळ काही सापडेना, पण भलतंच सापडायला लागलं.

पहिला दणका विणणाऱ्या बायांकडून आला. माझी बहीण धावतच लापोत शिरली. "दादा, सफरचंद नाहीये."

"कुठलं सफरचंद?"

"हव्वेचं. 'झाडाचं फळ' एवढंच लिहिलंय. तीनदा वाचलं."

आमच्या देवळाच्या भिंतीवर हव्वेच्या हातात लालभडक सफरचंद आहे. माझ्याच काकाने रंगवलेलं, तेही जन्मात सफरचंद न खाता. आता फळ कुठलं ह्यावर दोन दिवस वाद रंगला. शेवटी आमच्याकडचा आंबाच असणार, असं बहुमताने ठरलं, कारण सफरचंदासाठी कोण बाग सोडून जाईल?

कोळ्यांना माशाने गिळलेला योना लागला होता. देवमासा कुठेच नाही, नुसता 'मोठा मासा'. ते खूश झाले, कारण आता तो आपल्या तळ्यातला असायलाही हरकत नव्हती. कुणी म्हणालं, पौल घोड्यावरून पडला त्या गोष्टीत घोडाच नाही. पडला तो खरा, पण घोड्याचा उल्लेख नाही. कांद्याचा व्यापारी वारला तेव्हा त्याच्या पोरांनी कबरीवर मोठ्या नम्रपणे 'पैसा सर्व वाइटाचे मूळ आहे' असं लिहून घेतलं होतं. मुळात निघालं 'पैशाचा लोभ'. पोरं तुम्पालकडे आली, की एवढा शब्द घाला. जागा नव्हती. तुम्पालने 'लोभ' बारीक अक्षरांत वरच्या बाजूला बसवला. आता दुरून बघितलं तर पैसाच दिसतो, जवळ गेलं की लोभ.

सगळ्यांत जास्त मार बसला आमा सिहारला. हा आमचा न्हावी. दर नाताळात देवळातल्या नाटकात बाळ येशूला भेटायला तीन राजे येतात, त्यांतला तिसरा राजा हा बावीस वर्षं. सोनेरी कागदाचा मुकुट त्याच्या दुकानात आरशाच्या वर टांगलेला असायचा. मत्तय ज्या घरी लागला होता तिथली म्हातारी सरळ दुकानात गेली, त्याच्या हातात वस्तरा असतानाच म्हणाली, "सिहारच्या बापा, तुम्ही राजे नाही."

"म्हणजे?"

"पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी लोक, एवढंच आहे. राजे नाही. आणि तीनही नाही."

"तीन नाही? सोनं, ऊद, गंधरस, मोजा की. झाले ना तीन?"

"भेटी तीन. माणसं किती ते लिहिलेलंच नाही. दोघं असतील, वीस असतील."

गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून आमा सिहार लापोत आला. "लाए, म्हणजे बावीस वर्षं मी कोण होतो?"

मी त्याच्यापुढे माडीचा पेला सरकवला. पण ज्यांना बावीस वर्षांत कधी राजा व्हायला मिळालं नव्हतं, ते सगळे एका सुरात म्हणाले, की ह्या नाताळाला आपण वीस जण जाऊ. आणि आमा सिहारच्या नशिबात आणखी एक होतं. त्याची स्वतःची चिठ्ठी शास्ते ह्या पुस्तकाची. शमशोनाचं बळ केसांत, ते दलीलाने कापले असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. निघालं काय, तर तिने एका माणसाला बोलावून ते काढून घेतले. "न्हावीच असणार तो," आमा सिहार हताश होऊन म्हणाला. "राजा म्हणून काढलं आणि वर हे." त्या संध्याकाळी लापोत जे हसू उसळलं, तसं मी तीस वर्षांच्या धंद्यात ऐकलं नव्हतं. पाळकबाई कॉफी प्यायला थांबल्या होत्या, त्यांना ठसका लागला. माणसं पुस्तकावर वाद घालत होती, एकमेकांच्या हातातून ओढून वाचत होती, आणि बाई डोळे पुसत सगळ्यांकडे बघत होत्या.

हसला नाही तो तुम्पाल. रोज कुणीतरी पुस्तक संपवून त्याच्यापुढे येऊन उभं राहायचं आणि मान हलवायचं. त्याने दारावर खडूने सहासष्ट रेघा काढल्या होत्या. एकेक पुसली जात होती. जेवणाला तीन दिवस राहिले तेव्हा शेवटची रेघ पुसली गेली.

त्याच सकाळी छिन्नी घेऊन तो कबरीकडे गेला. मीही मागून गेलो, पाळकबाईही आल्या. तो म्हणाला, "सगळंच काढून टाकतो. दुसरं एखादं वचन द्या, इनांग. कुठलंही द्या." आवाज इतका कोरडा होता, की मला वाटलं ह्याने दगडावर थोडा राग तरी काढावा.

तेवढ्यात धक्क्यावर होडी लागली आणि तुम्पालचे मामा, त्याचे तुलांग, उतरले, आईचे सख्खे धाकटे भाऊ. वय चौऱ्याऐंशी. हाडं काढताना माहेरचा माणूस आधी लागतो, म्हणून ते बेटाच्या पलीकडून तीन दिवस अगोदर आले होते. काठी टेकत ते सरळ कबरीशी आले, चष्मा पुसला, टपोरी अक्षरं वाचली. मग असे हसत सुटले, की त्यांना पायरीवर बसवावं लागलं.

"शलमोन," ते म्हणाले. "अजून शलमोनावरच ढकललंय तिने?"

तुम्पालने छिन्नी खाली ठेवली. "तुलांग, तुम्हाला माहीत आहे हे कुठलं आहे?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार? तो पाहुणा मीच होतो."

मग त्यांनी सांगितलं. "मी सोळा वर्षांचा. ताईच्या लग्नाला दोन महिने झाले होते. बाबांनी सांगितलं, जा, पोरगी सुखी आहे का बघून ये. दिवसभर डोंगर चढून आलो. सासू पाल्याला गेली होती. चुलीवर संध्याकाळचा भात, त्यातही निम्मे कसावाचे तुकडे. ताईने सगळा मला वाढला. मी पण बैलासारखा खाल्ला. सासू आली, झाकण उघडलं, आत वाकून बघितलं. म्हणाली, रात्री आम्ही काय खायचं? ताई घाबरली होती. पण म्हणाली, आई, पाहुणा दारात असताना मडक्याचा तळ बघू नये, तिथे देव बसलेला असतो. शलमोनाने सांगितलंय."

"मग?"

"सासूला वाचता येत नव्हतं. नुकताच बाप्तिस्मा झालेला, त्यामुळे जरा धाक होता. विचारलं, शलमोन कोण? ताई म्हणाली, राजा, सातशे बायकांचा नवरा. सासूने विचार केला. म्हणाली, सातशे जणींना जेवू घालतो त्याला मडक्यातलं कळत असेल. आणि बसली."

पाळकबाई तोंडावर हात धरून हसत होत्या. "सातशे बायका मात्र खऱ्याच आहेत," त्या कशाबशा म्हणाल्या. "राजांच्या पुस्तकात आहे."

"जाताना मी ताईला विचारलं," मामा म्हणाले, "हे बायबलात कुठे आहे गं? तर म्हणाली, कुठेच नाही. पण आता म्हटलंय तर पाळावं लागेल."

तुम्पालने टपोऱ्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे खोटंच बोलली."

मामांचं हसू थांबलं. "पोरा, त्या दिवशी मला पोटभर जेवायला मिळालं. बाबांना जाऊन सांगितलं, ताई सुखी आहे. रात्री ती उपाशी झोपली, हे मला पुढे वर्षांनी कळलं. त्यानंतर साठ वर्षं तिने कुणासाठी तळ बघितला का?"

"नाही."

"मग खोटं काय त्यात? एका माणसाचं नाव तेवढं चुकीचं."

पाळकबाई पुढे झाल्या. "आमांग, शलमोनाने तीन हजार नीतिसूत्रं सांगितली, असं शास्त्रात लिहिलंय. त्याला ह्या एकाची गरज नाही. वचन राहू द्या. खालचं 'नीतिसूत्रे' काढा आणि ज्याचं आहे त्याचं नाव लिहा. मग मी इथेच उभी राहून आशीर्वाद देते." त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली. "आईचं नाव काय?"

तुम्पालने माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे. आमच्यात पोराने आईबापाचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं, आणि दुसरं कुणी सहसा घेतही नाही. पहिलं मूल झालं की बाई तुम्पालची आई होते, नातू झाला की जोंगीची आजी. तिचं नाव मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवून मला ते ठाऊक नसावं, ह्याची त्या क्षणी फार लाज वाटली.

सगळ्यांनी मामांकडे बघितलं. भावाला ते घेता येत होतं.

"रुमोंदांग," मामा म्हणाले. "रुमोंदांग सिनागा. लहानपणी हाक मारली की पहिल्यांदा कधी ओ द्यायची नाही."

तुम्पालने तिथेच सिमेंट कालवायला घेतलं.

शनिवारी जेवण झालं. चारशे पानं धरली होती, सहाशे उठली. माझ्या बहिणीने मोजायचं सोडून दिलं. ढोल वाजत होते, खांद्यावर उलोस टाकून म्हातारे नाचत होते, आमा सिहार सोनेरी मुकुट घालून रेड्याचे वाटे करत होता, आणि त्याला कुणी हटकलं नाही. मामांनी बहिणीची हाडं स्वच्छ करून पांढऱ्या कापडात मेहुण्यांच्या हाडांशेजारी आत ठेवली. ढोल थांबले. पाळकबाई झगा सावरून, उघडं बायबल हातात धरून कबरीसमोर उभ्या राहिल्या आणि भिंतीवरची अक्षरं मोठ्याने वाचू लागल्या.

"पाहुणा दारात असताना मडक्याचा तळ बघू नये. तिथे देव बसलेला असतो." मग जिथे पुस्तकाचं नाव आणि आकडे यायचे, तिथे त्यांनी वाचलं, "रुमोंदांग सिनागा."

देवळात वचन वाचून झालं की लोक जे म्हणतात, तेच सहाशे लोकांच्या तोंडून सवयीने गेलं, "आमेन."

मी दचकून बाईंकडे बघितलं. त्यांनी लोकांना थांबवायला हवं होतं. त्यांनी एकदा तुम्पालकडे बघितलं. तो लहान पोरासारखा रडत होता आणि हसतही होता, आणि आईचं नाव आवाज न करता ओठांवर घोळवत होता. मग पाळकबाईंनी पुस्तक मिटलं आणि त्याही म्हणाल्या, "आमेन."